एअर-कूल्ड इंजिनाला दुसरा स्पार्क प्लग: हेड उतरवण्यापासून टायमिंग लावेपर्यंत

दुसरा प्लग बसवला म्हणून इंजिनाची ताकद आपोआप वाढत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बारा वायरींचं जाळं बघून बरेच जण या कामाच्या प्रेमात पडतात आणि बिल आल्यावर विचारतात, फरक कुठे आहे? दुसरा प्लग दोन सवलती देतो. एक, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते प्रमाण, थोडं वाढवता येतं. दोन, ठिणगी उशिरा टाकली तरी चालते. या सवलती वापरल्या नाहीत तर हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, भोकं पाडून हाती फारसं काही लागत नाही. आणि दोन प्लग लावून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जुनंच ठेवलं, तर इंजिन आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातं.

मुळात असं का होतं

पोर्शे ९११ चं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन घेऊ, कारण हा बदल सर्वात जास्त त्याच इंजिनांवर होतो. चेंबर, म्हणजे मिश्रण जळतं ती हेडमधली पोकळी, अर्धगोलाकार, त्यात दोन मोठे व्हॉल्व्ह तिरके समोरासमोर, आणि प्लगला मधे जागाच नसल्यामुळे तो एका बाजूला सरकवलेला. अशा चेंबरमध्ये कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरचा घुमट उंच करायचा. घुमट उंच झाला की एका वाटीत जरा लहान वाटी ठेवल्यावर मधे जी फट राहते, तसा काहीसा आकार चेंबरला येतो. प्लगपाशी पेटलेल्या ज्योतीला घुमटाला वळसा घालून पार पलीकडच्या कडेपर्यंत जावं लागतं. तोवर पलीकडचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून पेटतं. हेच नॉकिंग. एअर-कूल्ड हेड पाण्याच्या हेडपेक्षा तापलेलं असतं, त्यामुळे इथे धोका आणखी जास्त.

ज्योतीला वेळ मिळावा म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या बऱ्याच आधी टाकावी लागते. एका प्लगच्या ९११ मध्ये वरच्या आरपीएमला हा ॲडव्हान्स साधारण ३० ते ३५ अंश असतो. म्हणजे पिस्टन अजून वर येतोय आणि वरचं मिश्रण जळून त्याला खाली ढकलायला लागलेलं आहे. ही झुंज म्हणजे वाया गेलेली ताकद आणि फुकटची उष्णता. दोन बाजूंनी ज्योत पेटली की प्रत्येकीचा प्रवास कमी होतो, जळण लवकर उरकतं, आणि ॲडव्हान्स साधारण आठ अंशांनी कमी करता येतो. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३६,००० अंश फिरतो, म्हणजे हे आठ अंश सेकंदाच्या साडेचार हजाराव्या भागाइतके. तेवढ्यानेही पिस्टनवरचा उलटा दाब कमी होतो.

ही युक्ती नवी नाही. एर्न्स्ट फुरमान यांनी १९५० च्या दशकात पोर्शेसाठी केलेल्या चार कॅमशाफ्टच्या (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते. १९६६ ची ९०६ आणि १९६७ ची ९११ आर या शर्यतीच्या गाड्यांच्या सहा सिलिंडर इंजिनांतही तेच. १९७३ च्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की सगळा मुद्दा कळतो: रस्त्यावरची कॅरेरा आरएस २.७ एका प्लगवर, कॉम्प्रेशन ८.५, शर्यतीची आरएसआर २.८ दोन प्लगवर, कॉम्प्रेशन १०.३. पुढे १९८९ ला आलेल्या ९६४, म्हणजे ९११ च्याच पुढच्या पिढीच्या, ३.६ लिटर इंजिनात कंपनीने रस्त्यावरच्या गाडीलाच दोन प्लग दिले आणि नॉक सेन्सरच्या मदतीने कॉम्प्रेशन ११.३ पर्यंत नेलं. त्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०० मिलिमीटर आहे. एवढ्या रुंद सिलिंडरला एका कडेच्या प्लगने नीट पेटवणं अवघडच.

आधी ठरवा, मग हेड उतरवा

इंजिन मूळ अवस्थेत असेल, कॉम्प्रेशन आठ-साडेआठच्या घरात असेल आणि ते उघडायचं दुसरं काही कारण नसेल, तर हे काम करू नका. आयडलिंग थोडं गुळगुळीत होईल, टायमिंग कमी ठेवता येईल, पण खर्चाच्या मानाने मिळकत तुटपुंजी. हेड काही कारणाने उतरवलेलीच असतील, नवे पिस्टन घ्यायचे असतील, कॅम बदलायचा असेल, तर मात्र हीच वेळ. पंपावरच्या पेट्रोलवर एका प्लगच्या ९११ ला साडेनऊच्या पुढे जाऊ नये आणि दोन प्लगवर साडेदहापर्यंत जाता येतं, असा इंजिन बांधणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. कॅम, चेंबरचा आकार आणि हवामान यांनी तो इकडेतिकडे होतो, म्हणून पहिल्याच इंजिनाला शेवटच्या आकड्यापर्यंत ताणू नका.

पोर्शेच्याच ३५६ आणि ९१२ च्या पुशरॉड इंजिनांनाही हा बदल चांगला मानवतो. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचं चेंबर उथळ आणि ज्योतीचा प्रवास मुळातच लहान, त्यामुळे ताकदीसाठी फार आशा ठेवू नका. त्या इंजिनावर दोन प्लग दिसतात ते बहुतेक छोट्या विमानांत, आणि तिथे कारण वेगळं असतं: एक इग्निशन बंद पडलं तरी दुसऱ्यावर खाली उतरता आलं पाहिजे.

हेडमध्ये भोक पाडणं

हे घरच्या ड्रिलवर करायचं काम नाही. घरी करायचं ते एवढंच: हेड सुटं करा, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा काढा, कार्बन धुऊन काढा आणि तडे तपासून घ्या. व्हॉल्व्ह सीटच्या मधे किंवा जुन्या प्लगच्या भोकापासून सीटकडे जाणारा तडा असेल तर त्या हेडमध्ये दुसरं भोक पाडण्यात अर्थ नाही. जुन्या प्लगचे आटे गेलेले असतील तर तेही याच वेळी इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बाही, टाकून घ्या.

मशीन शॉप निवडताना एकच प्रश्न विचारा: या हेडसाठी जिग, म्हणजे ड्रिलला नेमका कोन आणि खोली देणारा साचा, आहे का? नवा प्लग जुन्याच्या समोर, व्हॉल्व्हच्या पलीकडच्या बाजूला, खालून तिरका आत येतो. हा कोन डोळ्यांनी साधत नाही. थोडं इकडे झालं तर व्हॉल्व्ह सीटचा आधार पातळ होतो, तिकडे झालं तर हेड स्टडच्या भोकाला धक्का लागतो. सहाही हेडना एकच कोन आणि एकच खोली मिळायला हवी, आणि ती जिगशिवाय मिळत नाही. ज्याने हे हेड आधी केलेलं नाही त्याला पहिला प्रयोग तुमच्या हेडवर करू देऊ नका.

प्लग १४ मिलिमीटरचा घ्यायचा की १२ चा, हेही इथेच ठरतं. १४ चा प्लग सगळीकडे मिळतो आणि वर-खाली एकच प्लग वापरता येतो. जिथे धातू कमी आहे तिथे १२ चा बरा, कारण सीट आणि भोक यांच्यामधली भिंत जाड राहते. ती भिंत पातळ झाली की गरम-थंड होण्याच्या चक्रात तडा तिथूनच सुरू होतो. जागा पुरत असेल तर १४, शंका असेल तर १२, आणि शंका असताना शॉपवाल्याचं मत आपल्या मतापेक्षा मोठं माना.

हेड परत आलं की बोट घालून आणि बॅटरी मारून तीन गोष्टी बघा. वॉशर बसतो ती जागा आट्यांना काटकोनात आणि गुळगुळीत हवी, नाहीतर प्लगच्या बुडातून गॅस गळतो आणि प्लग तापतो. प्लग घट्ट केल्यावर त्याच्या आट्यांचं टोक चेंबरच्या भिंतीशी बरोबर जुळायला हवं. आटे आत डोकावत असतील तर ते लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. प्लग आत दबून राहिला तर ज्योत भोकाच्या खळग्यात अडकते. तिसरी गोष्ट म्हणजे भोकाची चेंबरकडची कड. तिच्यावर पातळ धार राहिली असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने मोडून टाका. ही नखाएवढी धार नॉकिंगचं कारण होऊ शकते आणि नंतर बाहेरून कितीही शोधलं तरी सापडत नाही.

पंख्यांची, म्हणजे फिन्सची, कापणी जेवढी लागेल तेवढीच. एअर-कूल्ड हेडला थंड ठेवणारं तेवढंच काय ते आहे.

चेंबर मोजणं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच लोक ती गाळतात. नव्या भोकामुळे चेंबरचं आकारमान थोडं बदलतं आणि सहा हेडमध्ये ते सारखंच बदलेल असं नाही. ॲक्रिलिकची चकती ग्रीस लावून हेडवर बसवा, दोन्ही प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर ठेवा, ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापाच्या नळीतून) रॉकेल सोडा आणि किती सीसी मावलं ते लिहून ठेवा. पिस्टनचा घुमट किती जागा खातो तेही सिलिंडरमध्ये ठरावीक उंचीवर पिस्टन ठेवून असंच मोजता येतं.

मग हिशेब. ९० मिलिमीटर बोअर आणि ७०.४ मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाच्या) २.७ लिटर इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ४४८ सीसी भरतं. कॉम्प्रेशन ८.५ हवं असेल तर पिस्टन वर असताना वरती ५९.७ सीसी जागा उरायला हवी. १०.३ हवं असेल तर ४८.२ सीसी. म्हणजे साडेअकरा सीसीत सगळा खेळ आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये दोन सीसी कमी भरले तर तिथलं कॉम्प्रेशन पावणेअकराच्या जवळ जातं, आणि नॉकिंग सुरू झालं तर त्याच सिलिंडरपासून होतं. पिस्टनच्या डब्यावर छापलेल्या कॉम्प्रेशनवर विश्वास ठेवून टायमिंग लावू नका.

यानंतर पिस्टनच्या घुमटावर थोडं तेल लावून प्लॅस्टिसिनचे गोळे चिकटवा, हेड तात्पुरतं आवळा, कॅम टायमिंग बरोबर लावा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. उघडल्यावर प्लॅस्टिसिन ब्लेडने कापून जाडी बघा. इनटेक व्हॉल्व्हपाशी १.५ आणि एक्झॉस्टपाशी २ मिलिमीटर ही किमान मोकळीक ठेवतात. खालच्या प्लगसमोर काय उरतं ते नीट पाहा. एका प्लगसाठी बनवलेल्या पिस्टनच्या घुमटाला एकाच बाजूला खाच असते. दुसऱ्या बाजूला घुमट प्लगच्या तोंडाला आला तर इलेक्ट्रोड पिस्टनवर आपटेल, आणि आपटला नाही तरी ज्योतीला बाहेर पडायला वाट राहणार नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी खाच असलेले पिस्टन घ्या किंवा घुमटाची जाडी पुरेशी आहे हे मोजून तिथे खाच काढून घ्या.

दोन ठिणग्या आणायच्या कुठून

पहिला नियम: एका कॉइलच्या एकाच टोकाला दोन वायरी जोडून दोन प्लग चालवायचे नाहीत. ज्या प्लगमध्ये ठिणगी आधी उडते तो सगळी ऊर्जा घेऊन जातो आणि दुसरा कोरडा राहतो.

जुन्या पद्धतीत बारा टोकांची कॅप असलेला डिस्ट्रिब्युटर, दोन कॉइल आणि दोन सीडीआय बॉक्स, म्हणजे कॉइलला झटका देणारे इलेक्ट्रॉनिक डबे, लागतात. दिसायला जुन्या गाडीला शोभतं, पण डिस्ट्रिब्युटर महाग आणि कॅप शोधणं कठीण. ९६४ चा डिस्ट्रिब्युटर घेऊ पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, सगळ्या वर्षांच्या ९११ मध्ये डिस्ट्रिब्युटर एकाच दिशेने फिरत नाही, त्यामुळे आपल्या इंजिनाची दिशा आधी बघा. दोन, त्यात दुसरा रोटर एका छोट्या पट्ट्याने फिरतो. तो पट्टा तुटला की दुसरा रोटर थांबतो आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्या ठिणग्या चुकीच्या वेळी एकाच सिलिंडरमध्ये पडत राहतात. गाडी चालू असते, म्हणून चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि इंजिनाचं नुकसान होतं. जुना डिस्ट्रिब्युटर घेतलाच तर पट्टा नवा टाकल्याशिवाय बसवू नका.

माझा कल क्रँक ट्रिगरकडे आहे. क्रँकच्या पुलीवर दात्यांचं चाक बसवायचं, बहुधा ३६ वजा १ किंवा ६० वजा २ दात्यांचं. गाळलेल्या दात्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या छोट्या संगणकाला, क्रँक कुठे आहे ते कळतं. सेन्सरचा कंस जाड पट्टीचा करा, कारण पातळ कंस थरथरला की वरच्या आरपीएमला टायमिंग डोलतं. नवशिक्याला हे वायरिंग भीतीदायक वाटतं, पण टायमिंगचा संपूर्ण नकाशा आपल्या हातात येतो, आणि या कामात खरी किंमत त्याचीच आहे.

कॉइल दुहेरी टोकांच्या असतील तर त्यांची जोडणी विचारपूर्वक करा. ९११ चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-६-२-४-३-५. म्हणजे १ आणि ४, ६ आणि ३, २ आणि ५ हे पिस्टन एकदमच वर येतात. एका कॉइलने १ चा वरचा आणि ४ चा खालचा प्लग चालवा, दुसऱ्या कॉइलने ४ चा वरचा आणि १ चा खालचा. अशा सहा कॉइल लागतात. एखादी कॉइल गेली तरी कुठलाही सिलिंडर पूर्ण बंद पडत नाही आणि घरापर्यंत पोचता येतं. चार सिलिंडरच्या फोक्सवॅगनमध्ये ऑर्डर १-४-३-२, म्हणजे जोड्या १-३ आणि ४-२.

आरपीएम मीटर एकाच बाजूला जोडा. दोन्ही प्रवाह त्यात शिरले तर काटा वेडावाकडा नाचतो.

परत बांधताना

खालच्या प्लगसाठी खालचं व्हॉल्व्ह कव्हर आणि कॅम हाउसिंगची कड आड येते का ते कोरडं बसवून बघा. बहुतेक वेळा थोडं कापावं लागतं किंवा या कामासाठीच बनवलेलं कव्हर घ्यावं लागतं. प्लगचा पाना सरळ आत जातो ना, हेही आत्ताच तपासा. इंजिन गाडीत गेल्यावर कळून उपयोग नाही.

थंड हवा फिरवणाऱ्या पत्र्यांना वायरीसाठी भोकं पाडली तर प्रत्येक भोकाला रबरी बूच हवं. पंख्याची हवा सोप्या वाटेने निघून गेली की नेमकी हेडपर्यंत पोचत नाही. खालच्या वायरी एक्झॉस्टच्या शेजारून जातात, तेव्हा त्यांवर उष्णतारोधक नळी चढवा आणि क्लिपने धरून ठेवा.

प्लग थंड इंजिनात हाताने पूर्ण बसवा, मग टॉर्क रेंच लावा. वॉशरवाल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ च्या प्लगला १५ ते २०. कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर प्लगची हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो तो दर्जा) एक पायरी थंड घ्या. गाडी उभी असताना आडव्या इंजिनात तेल खालच्या बाजूला साठतं, त्यामुळे खालचे प्लग आधी काळे पडतील. फार तेलकट होत असतील तर फक्त खालचे एक पायरी गरम घेऊन बघता येतं, पण आधी व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) तपासा.

टायमिंग

आधी खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असतो तो बिंदू, शोधा. पुलीवरच्या जुन्या खुणेवर भरवसा ठेवू नका, डायल गेजने ताडून घ्या. पहिल्यांदा चालू करताना वरच्या आरपीएमचा ॲडव्हान्स २२ ते २४ अंशांवर बांधून ठेवा. टायमिंग लाइटचा चिमटा १ च्या वरच्या प्लगच्या वायरीला लावा, आकडा बघा, मग खालच्या प्लगच्या वायरीला लावा. दोन्ही आकडे एक अंशाच्या आत जुळले पाहिजेत.

मग विमानाचे वैमानिक उड्डाणापूर्वी करतात तीच चाचणी करा. इंजिन गरम झाल्यावर आरपीएम स्थिर ठेवा, वरच्या प्लगांचं इग्निशन बंद करा. आरपीएम थोडं खाली यायला हवं आणि इंजिन न अडखळता चालायला हवं. पुन्हा चालू करून खालचं बंद करा. दोन्ही वेळा घसरण जवळपास सारखी हवी. कॉइल वर सांगितल्याप्रमाणे उलटसुलट जोडल्या असतील तर बाजू बंद करता येत नाही, तेव्हा एकेक कॉइल सोडवून ऐका. ही चाचणी दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. दोन प्लगच्या इंजिनात मेलेला प्लग लपून राहतो: गाडी सुरू होते, आवाजही ठीक असतो, पण एका ज्योतीला २५ अंश अपुरे पडतात, जळण उशिरा संपतं आणि एक्झॉस्ट तापतो.

डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा रिकाम्या रस्त्यावर पूर्ण भाराखाली एकेक अंश वाढवत जा. ताकद वाढायची थांबली की तिथून एक अंश मागे या. नॉकिंग ऐकू येईपर्यंत वाट बघू नका, एअर-कूल्ड इंजिनाच्या खडखडाटात ते कानाला फार उशिरा कळतं. ९११ वर बहुतेक इंजिनं २४ ते २८ अंशांच्या मधे कुठेतरी स्थिरावतात.

शेवटचा आकडा ठरला की तो कोणत्या पेट्रोलवर, कोणत्या कॉम्प्रेशनवर लावला आहे ते कागदावर लिहून इंजिनाच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढचा मेकॅनिक नाहीतर जुनं पुस्तक उघडून परत ३५ लावेल.